मदत हवी आहे: बिनतेलाचं वीगन चीज किसलं जातं, पण वितळत नाही

प्रमाण असं: बिनसाखरेचं सोया दूध 250 मिली, टॅपिओका स्टार्च 3 टेबलस्पून, चायना ग्रास पावडर 2 टीस्पून, न्यूट्रिशनल यीस्ट (चीजसारखी चव देणारे निष्क्रिय यीस्टचे कण) 2 टेबलस्पून, मीठ पाऊण टीस्पून. तेल-काजू अजिबात नाही. सगळं थंड दुधातच कालवून, सतत ढवळत 2-3 मिनिटं खदखदू देते. नाहीतर चायना ग्रासची कणी राहते. लिंबाचा रस गॅस बंद केल्यावरच. आंबट घालून उकळलं की दूध फाटतं आणि वडीची पकडही सैल होते. फ्रीजमध्ये 4 तास ठेवलं की सुरेख किसलं जातं.

अडतंय ते टोस्टवर. कीस तसाच्या तसा उभा राहतो आणि कडा सुकून चिवट होतात. चायना ग्रास एकदा गोठलं की साधारण 85 अंशांशिवाय सुटत नाही, तोवर वरचं पाणी उडून जातं, हे कळतंय. ते 1 टीस्पूनवर आणलं तर किसणीवर लगदा होतो.

कप्पा कॅरेजिनन (हीही चायना ग्राससारखी समुद्री शेवाळापासूनची, गोठवणारी पावडर) कमी तापमानाला सुटतं. सोया दुधात कुणी वापरलंय का? 250 मिलीला किती ग्रॅम घ्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी वडीला पाणी सुटतं का? तेल फार तर 1 टीस्पून चालेल. उकडलेल्या बटाट्याचे पर्याय कृपया नकोत, ते सॉससाठी छान, वडीसाठी नाही.