परळची प्लेग प्रयोगशाळा: लशीच्या चंबूत तूप कशासाठी?

कंदीलवाला
मंडळी, हाफकिन या जंतुशास्त्रज्ञाने काढलेल्या प्लेगच्या लशीवर जे काही वाचायला मिळतं त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: मांसाच्या अर्कात तुपाचे थेंब टाकून जंतू वाढवले. वाक्य संपलं की लेखक थेट १० जानेवारी १८९७ला, म्हणजे हाफकिनने स्वतःला टोचून घेतलं त्या दिवसावर जातो. तूप तिथे नेमकं काय करतं? जंतूंचं खाद्य म्हणून टाकायचे का? आणि प्लेगचा जंतू दोन-तीन दिवसांत दिसण्याइतका वाढतो, मग लशीला सहा आठवडे का लागायचे? तिसरी शंका मुलकोवालची, पंजाबातल्या त्या गावात लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली त्याची. लस तापवून निर्जंतुक केलेली होती तर धनुर्वात आला कुठून?

बोळा_आणि_बर्नर
तूप खाद्य नाही, टांगायची खुंटी आहे.

प्लेगच्या जंतूला हवा लागते, पण त्याला शेपट्या नाहीत, म्हणजे स्वतः पोहून वर राहता येत नाही. नुसत्या अर्कात सोडला तर वाढ बरीचशी तळाशी गाळ होऊन बसते आणि तिथे हवा कमी. पृष्ठभागावर तुपाचे किंवा खोबरेलाचे थेंब तरंगत असले की जंतू थेंबाच्या खालच्या बाजूला चिकटतात आणि तिथून खाली धागे सुटतात, अगदी वडाच्या पारंब्यांसारखे. मधला अर्क मात्र स्वच्छ, आरपार दिसणारा राहतो.

अट एकच, चंबू हलता कामा नये. शेजारून कोणी जोरात दार लावलं तरी पारंब्या तुटून भुरभुर खाली पडतात. म्हणून चंबू भक्कम फळीवर, उजेडापासून दूर, ओळीने ठेवलेले असत.

सहा आठवड्यांचं उत्तरही यातच आहे. पारंब्या भरल्या की चंबू मुद्दाम हलवायचा. पीक तळाला जातं, वर थेंब मोकळे होतात आणि नवं पीक धरतं. काही दिवसांनी पुन्हा हलवायचा. असं पाच-सहा वेळा झालं की तळाशी जंतूंचा भरपूर साठा होतो आणि अर्कात त्यांचं विषही उतरलेलं असतं. हाफकिनला दोन्ही हवं होतं: जंतूंच्या शरीराने रोग अडेल आणि विषाच्या सवयीने रोग झालाच तरी माणूस तगेल, असा त्याचा हिशोब.

अर्काबद्दल एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. युरोपात गोमांस आणि डुकराच्या जठरापासून काढलेलं पेप्टोन (पचवलेली प्रथिनं, जंतूंचं खाद्य) वापरायची पद्धत होती. मुंबईत ते टोचून कोणी घेतलं नसतं. म्हणून बोकडाचं मांस बारीक करून हायड्रोक्लोरिक आम्लात मुरवायचं, दाबाखाली शिजवायचं, कॉस्टिक सोडा घालून आम्ल मारायचं आणि गाळायचं. शेवटी अर्क किंचित अल्कली हवा. आम्ल थोडंही उरलं की पारंब्या धरतच नाहीत.

गिरगावकर_७
शीर्षकात परळ आहे, पण सुरुवात परळची नाही. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. हाफकिन ऑक्टोबरात मुंबईत आला आणि भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पेटिट प्रयोगशाळेत कामाला लागला. एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढाच सरंजाम. पहिली लस तिथली. मग मलबार हिल, मग आगाखानांची खुश्रू लॉज, आणि ऑगस्ट १८९९मध्ये परळचं जुनं गव्हर्न्मेंट हाऊस. हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव तर १९२५चं.

कंदीलवाला
धन्यवाद, शीर्षकाची चूक मान्य. @बोळा_आणि_बर्नर, सहा आठवड्यांत चंबूत दुसरे जंतू शिरले तर कळायचं कसं?

बोळा_आणि_बर्नर
आधी डोळ्यांनीच. प्लेगच्या चंबूत अर्क स्वच्छ असतो, हे वर लिहिलंय. सगळा अर्क सारखा गढूळ झाला किंवा वर सलग साय धरली की चंबू बाद. साय धरणारे बहुतेक वेळा धुळीतले, गवतावरचे बॅसिलस जातीचे जंतू. चुकतं ते चंबूच्या तोंडातल्या बोळ्यापाशी: कापूस ओला झाला की तो गाळणी राहत नाही, बुरशी त्यातून खाली उतरते. चंबू हलवताना अर्क बोळ्याला लागू द्यायचा नाही तो यासाठीच.

त्यानंतर अगारवर (समुद्री शेवाळापासून केलेल्या, जेलीसारख्या घट्ट थरावर) तपासणी. कोरड्या पडलेल्या अगारवर प्लेगचा जंतू विचित्र फुगतो, गोळे आणि फुगे दिसतात. १८९७मध्ये हँकिन आणि ल्यूमन यांनी अगारमध्ये सुमारे ३ टक्के मीठ घालून हेच जलद आणि हमखास दिसतं हे दाखवलं. सोपी खूण आहे, पण ताजं पीक घ्यायला हवं. जुन्या गाळात मेलेले जंतू मुळातच वेडेवाकडे असतात.

मात्रा_मोजा
पुढचा टप्पा, जंतू मारण्याचा, मी लिहितो. सुरुवातीला ७० अंश, नंतर ६५ अंश सेल्सियसला एक तास, आणि वर ०.५ टक्के कार्बोलिक (जंतुनाशक आम्ल). तापमान वाढवलं तर लस दुबळी होते, कमी ठेवलं तर जिवंत जंतू राहायची भीती. बाटली पाण्यात मानेपर्यंत बुडालेली हवी, नाहीतर वरच्या काचेला चिकटलेल्या तुपातले जंतू गरमच होत नाहीत.

हाफकिनने स्वतः १० घन सेंटिमीटर घेतले होते. पुढे प्रौढ पुरुषाला ३च्या आसपास, बायकांना थोडी कमी, मुलांना आणखी कमी. लस उतरली की नाही याचं मोजमाप म्हणजे ताप, १०२ फॅरनहाइटपर्यंत चढायला हवा. आजच्या हिशोबाने हे मोजमाप ओबडधोबड आहे, कारण बाटली न हलवता भरली तर पहिल्याला नुसतं पाणी आणि शेवटच्याला सगळा गाळ. मग एकाला ताप नाही आणि दुसरा दोन दिवस अंथरुणात.

तरी लस काम करत होती. फेब्रुवारी १८९८मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावात प्रत्येक घरातली साधारण निम्मी माणसं टोचली. पुढे प्लेग शिरलेल्या २८ घरांत टोचलेले ७१ होते, त्यांत ८ आजारी, ३ मृत्यू. न टोचलेले ६४, त्यांत २७ आजारी, २६ मृत्यू. एकाच घरातले, एकाच छपराखालचे लोक असल्यामुळे 'टोचून घेणारे मुळातच सुखवस्तू होते' हा आक्षेप इथे चालत नाही. मला हा आकडा तुरुंगातल्या चाचण्यांपेक्षा जास्त पटतो.

एक खोट मात्र पुढे लक्षात आली. प्लेगच्या जंतूभोवतीचं कवच ३७ अंशांना धरतं, खोलीच्या तापमानाला, म्हणजे हाफकिनच्या चंबूंत, जवळजवळ नाही, आणि संरक्षण देणारा मोठा भाग त्या कवचातच असतो. हाफकिनच्या काळी हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

बोळा_आणि_बर्नर
मुलकोवाल राहिलं. ३० ऑक्टोबर १९०२, पंजाब. १०७ जणांना पाच बाटल्यांमधून टोचलं. ज्या १९ जणांना ५३एन या एकाच बाटलीतून दिलं, ते सगळे धनुर्वाताने गेले. बाकीच्या ८८ जणांना काही झालं नाही.

मागणी प्रचंड वाढल्यामुळे परळला तोवर नवी पद्धत आली होती. अर्काऐवजी अगारवर पीक घ्यायचं आणि कार्बोलिक न घालता फक्त तापवायचं. चौकशी आयोगाने बोट ठेवलं ते याच्यावर. ६५ अंशांनी धनुर्वाताचे बीजाणू (जाड कवचातले झोपी गेलेले जंतू) मरत नाहीत, हे खरं. पण कार्बोलिकनेही मरत नाहीत: ५ टक्क्यांच्या द्रावणातही ते दहा तास सहज काढतात. ०.५ टक्क्याने ते फक्त वाढायचे थांबले असते.

मग आले कुठून? बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. तो ज्योतीत न धरता कार्बोलिकच्या पाण्यात खळबळवला आणि त्यानेच बूच काढलं. गुराढोरांच्या गावातली माती म्हणजे धनुर्वाताचं घरच. शिवाय उघडताना बाटलीला वास नव्हता, आणि लक्षणं सुमारे आठवड्याने आली. धनुर्वाताचा जंतू बाटलीत कितीतरी दिवस वाढत असता तर उग्र वास आला असता, आणि तयार विषाने माणसं आधीच आजारी पडली असती. रोनाल्ड रॉस आणि इतरांनी १९०७मध्ये लंडनच्या टाइम्समधून हेच मांडलं, आणि या प्रकरणाचा ठपका बसलेला हाफकिन त्याच वर्षी निर्दोष ठरला.

घुशीचा_वैद्य
लशीइतकंच मोठं काम परळला उंदरांवर झालं, १९०५नंतरच्या प्लेग आयोगात. मेलेला उंदीर आधी जंतुनाशकात बुडवायचा, पिसवा मराव्यात म्हणून. मग फळीवर उताणा खिळवून हनुवटीपासून खाली कातडी उलटायची. बघायचं चार ठिकाणी: मानेतली गाठ (मुंबईच्या उंदरांत बहुतेक वेळा तिथेच), कातडीखाली लालसर झाक, यकृतावर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक ठिपके, आणि छातीत साचलेलं पाणी. या खुणा नुसत्या सूक्ष्मदर्शकापेक्षा भरवशाच्या ठरल्या, कारण कुजलेल्या उंदरात प्लेगच्या जंतूसारखेच दोन टोकांना रंग घेणारे भलतेच जंतूही दिसतात.

शंका राहिलीच तर प्लीहेचा तुकडा गिनीपिगच्या भादरलेल्या पोटावर नुसता चोळायचा. टोचायचा नाही. टोचला तर कुजक्या जंतूंनीच प्राणी मरतो. चोळला की कातडीतून आत जातो तो प्लेगचाच.

प्लेग पिसवांमुळे पसरतो याचा पुरावाही साधा होता. प्लेगच्या खोलीत गिनीपिगचे पिंजरे टांगले, एक जमिनीपासून २ इंचांवर, एक २ फुटांवर. उंदराची पिसू सुमारे ४ इंच उडी मारते. खालच्यातले मेले, वरच्यातले राहिले.