समितीने लढाई चालवता येते का? काँटिनेंटल काँग्रेस, १७७५ ते १७८३

रसदवाला

माझी सगळी नोकरी सैन्याच्या पुरवठा खात्यात गेली. त्यामुळे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाबद्दल वाचताना लढायांआधी माझं लक्ष शिध्याकडे जातं, आणि तिथे काँटिनेंटल काँग्रेसचा कारभार पाहून मनापासून राग येतो.

इंग्रज राजाविरुद्ध उठलेल्या अमेरिकेतल्या १३ वसाहतींच्या प्रतिनिधींची ही सभा. तिला मंत्रिमंडळ नव्हतं. तोफांच्या दारूपासून अधिकाऱ्यांच्या बढत्यांपर्यंत सगळं ठराव करून नाहीतर समिती नेमून चालायचं. १५ जून १७७५ ला जॉर्ज वॉशिंग्टन यांना सरसेनापती नेमलं, तेही एकमताने. हे उत्तम झालं. वर्षभराने, १२ जून १७७६ ला पाच सभासदांचं युद्धमंडळ केलं आणि जॉन ॲडम्स त्याचे अध्यक्ष झाले. पण हेच लोक दिवसा सभेत बसणार, शिवाय आणखी ढीगभर समित्यांवर काम करणार, आणि उरलेल्या वेळात युद्धाचे कागद बघणार!

जून १७७७ मध्ये, मोहिमेच्या ऐन हंगामात, या सभेने पुरवठा खात्याची घडीच मोडली. खरेदी वेगळी केली, वाटप वेगळं केलं. खरेदीदारांचं कमिशन बंद करून पगार लावला. खातेप्रमुख जोसेफ ट्रंबल यांनी ऑगस्टमध्ये राजीनामा दिला. वाहतूक सांभाळणारे क्वार्टरमास्टर जनरल मिफ्लिनही त्याच सुमारास बाजूला झाले आणि त्यांच्या जागी मार्च १७७८ पर्यंत धड कोणी आलं नाही.

परिणाम व्हॅली फोर्जच्या हिवाळी छावणीत दिसला. फौज १९ डिसेंबर १७७७ ला तिथे पोचली. चारच दिवसांनी वॉशिंग्टननी काँग्रेसला कळवलं की छावणीतले २,८९८ जण पायात जोडा आणि अंगावर कपडा नाही म्हणून कामावर उभे राहू शकत नाहीत. त्या मुक्कामात सुमारे २,००० माणसं रोगराईने गेली. धान्य देशात होतं, ते छावणीपर्यंत पोचवणारा हात नव्हता.

सभेने पैसा मंजूर करावा, सेनापती नेमावा, जाब विचारावा. कोठाराची किल्ली मात्र एकाच जबाबदार माणसाकडे हवी. हे त्यांना उमगलं फेब्रुवारी १७८१ मध्ये, जेव्हा युद्ध, अर्थ आणि आरमार ही खाती एकेका प्रमुखाकडे दिली. तोवर सहा वर्षं गेली होती.

सनद

असहमत. तुम्ही कोठारातून बघताय, जरा सभागृहातूनही बघा. राजाची खडी फौज आपल्या शहरात, आपल्या डोक्यावर बसलेली या लोकांनी बॉस्टनमध्ये नुकतीच भोगली होती. इंग्लंडमध्ये सेनापती क्रॉमवेलने १६५३ मध्ये शिपाई घालून पार्लमेंट कसं रिकामं केलं, हे त्यांना पाठ होतं. फौजेचा दोर हातून सुटू द्यायचा नाही, हा त्यांचा हट्ट नव्हता, ती गरज होती.

आणि वेळ आली तेव्हा त्यांनी दोर सैल सोडलाही. डिसेंबर १७७६ मध्ये शत्रू फिलाडेल्फियाजवळ आल्यावर सभा बाल्टिमोरला गेली आणि २७ तारखेला वॉशिंग्टनना फौज उभारण्याचे, अधिकारी नेमण्याचे व काढण्याचे जवळजवळ सर्वाधिकार दिले. मुदत किती? सहा महिने. मला या मुदतीचंच कौतुक वाटतं.

व्हॅली फोर्जचंही अर्धंच सांगितलंत. जानेवारी १७७८ मध्ये काँग्रेसने आपली समिती थेट छावणीत पाठवली. सभासदांनी तिथे राहून हाल डोळ्यांनी पाहिले आणि त्यानंतरच नॅथनेल ग्रीन क्वार्टरमास्टर जनरल झाले.

खडकू

दोघेही पैशाला बगल देताय. या सभेला कर बसवायचा अधिकारच नव्हता! राज्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या वसाहतींकडे मागायचं, राज्यांनी जमेल तेवढं द्यायचं. मग नोटा छापल्या, सुमारे २४ कोटी डॉलरच्या. मार्च १७८० मध्ये काँग्रेसनेच ठराव केला की कागदी ४० डॉलर म्हणजे चांदीचा एक. अशा नोटा घेऊन शेतकरी पीठ का विकेल? ट्रंबल यांच्या जागी कोणीही बसवला असता तरी कोठार रिकामंच राहिलं असतं. दोष द्यायचा तर राज्यांना द्या.

रसदवाला

@खडकू, पैशाचा मुद्दा मान्य. पण फेब्रुवारी १७७७ च्या बढत्यांचा पैशाशी काय संबंध? लढाया गाजवलेल्या ब्रिगेडियर जनरल बेनेडिक्ट अर्नोल्डपेक्षा कनिष्ठ पाच जणांना मेजर जनरल केलं, कारण कोणत्या राज्याने किती फौज दिली याचा हिशोब बढतीत धरायचा होता. वॉशिंग्टनना आधी विचारलंही नाही. अर्नोल्डने पुढे इंग्रजांना मिळून केलेल्या फितुरीचं समर्थन मी करत नाही, पण रणांगणावरच्या माणसाचा मान असा राज्यवार वाटून टाकायचा?

शनिवारपेठी

याच वर्षांत याच इंग्रजांशी आपल्याकडे बारभाई झुंजत होते, याची आठवण करून द्यावीशी वाटते. सखारामबापू, नाना, हरिपंत फडके अशा मंडळींचा कारभार आणि पेशवा पाळण्यात. तरी जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना शरण यावं लागलं. म्हणजे अनेकांनी मिळून युद्ध चालवणं अशक्य नाही. महादजींची फौज महादजींची, होळकरांची होळकरांची, तशीच तिकडे राज्याराज्यांची मिलिशिया, म्हणजे नागरिकांची फौज. जुळवून घेण्याची अडचण सारखीच.

सनद

तुलना आवडली, पण बारभाईंना कोणी निवडून दिलं नव्हतं आणि त्यांना मतदारांकडे परत जायचं नव्हतं. इथे दर राज्याला एक मत, सभासद सारखे बदलणारे, फिलाडेल्फिया सोडून गेल्यावर यॉर्क गावच्या मुक्कामात तर कधी कधी जेमतेम वीसेक हजर. तरीही ॲनापोलिसला २३ डिसेंबर १७८३ रोजी विजयी सेनापती वॉशिंग्टननी भर सभेत उभं राहून आपल्या नेमणुकीची सनद परत केली, ती याच दुबळ्या सभेकडे. ज्या सभेने फौजेवरचा हक्क कधी सोडला नाही, तिलाच ती परत मिळू शकते.

रसदवाला

ॲनापोलिसचा प्रसंग वाचून माझेही डोळे भरतात, तिथे तुमच्याशी वाद नाही. पण छावणीत गेलेल्या समितीने ग्रीनना आणलं ते कोणत्या अटीवर, तेही लिहा. खर्चावर ग्रीनना एक टक्का आणि त्यांच्या दोन सहायकांना प्रत्येकी एक टक्का. ज्या कमिशनवर ट्रंबल यांच्या खात्यात बंदी घातली, तेच नऊ महिन्यांनी शेजारच्या खात्यात मान्य केलं, आणि गाड्या चालू लागल्या. ट्रंबल मात्र जुलै १७७८ मध्ये, ४१ व्या वर्षी वारले.