आकड्याचं टार्गेट मला नाही झेपत

या वर्षी किती पुस्तकं वाचणार या चर्चेत कुणीतरी वर्षाला 50 पुस्तकांचं टार्गेट लिहिलंय, भारीच, पण मी आकडा धरला की बारकी बारकी पुस्तकंच उचलतो आणि जाडजूड ठोकळे राहून जातात, म्हणून यंदा आकडा नाहीच. आमच्या नाशकात सावाना (सार्वजनिक वाचनालय नाशिक) आहे, 1840 पासूनचं, तिथल्या परत करायच्या तारखेचं प्रेशर कुठल्याही अ‍ॅपपेक्षा जास्त काम करतं :)

सध्या कृष्णात खोतांचं 'रिंगाण' चालूय, 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी. धरणात गाव गेलेल्यांची आणि मागे राहिलेल्या जनावरांची गोष्ट. बोलीमुळे सुरुवातीला स्पीड लागत नाही, दोन पानं मोठ्याने वाचा मग लय सापडते. (परीक्षणं आधी वाचू नका हो, मजा जाते.)

आणि ऑडिओबुक वाचलेल्या पुस्तकांत मोजायचं का म्हणून वाद चाललाय, तर मोजा की, गंगापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दुसरं करणार काय.