मदत हवी आहे – मोठा मोडुसा (कोबिया मासा) एकट्याने होडीत कसा घ्यायचा?

मंडळी, बाबा ६८ वर्षांचे आहेत, मालवणला छोट्या फायबरच्या होडीतून एकटेच गरीला (हातातल्या दोरीला गळ लावून मासे धरायला) जातात. १ ऑगस्टला पावसाळी मासेमारी बंदी उठल्यापासून दोनदा मोठा मोडुसा लागला आणि दोन्ही वेळा होडीच्या कडेला येऊन निसटला. परवा तर तासभर ओढाताण चालली होती, मासा पाण्यावर आडवा झालाय असं बघून त्यांनी आकडी (मासा ओढून घ्यायचा काठीचा हूक) मारली तर त्याने अशी काय उसळी घेतली की तंगूस (गरीची नायलॉन दोरी) होडीच्या काठावर घासून तुटला. हाताच्या तळव्यावर तंगूसचे वळ अजून लालबुंद आहेत, दोन बोटं मिटत नाहीत.

तंगूस जाड करून पाहिला, गरीच्या वर तार आणि फिरकी लावली, हाताला सायकलची ट्यूब गुंडाळून झाली (ओली झाली की सटकते). हाताला दोर गुंडाळायचा नाही हे त्यांना माहितीये, ते कधीच करत नाहीत. रॉड-रीळ सुचवू नका प्लीज, ते वापरणार नाहीत, आणि सोबत माणूस रोज मिळत नाही. जाऊ नका म्हणणंही जमणार नाही, समुद्र हेच त्यांचं सगळं आहे.

दोरीच्या टोकाला बोया (तरंगणारा फ्लोट) बांधून मासा लागला की सोडून द्यायचा, तो दमला की मग ओढायचा, असं कोणी मोडुशासाठी केलंय का? केलं असेल तर बोया केवढा, आणि शेवटी आकडी नेमकी कुठे मारायची की डोक्याकडून फास टाकलेला बरा?