सायकल कडेने चालवावी की लेनच्या मधून?

नवे_पॅडल: कडेला चिकटून चालवली तर गाड्या अगदी घासून जातात, आत सरकलं की मागून हॉर्न सुरू. कडेपासून नेमकं किती अंतर ठेवायचं? चौकात सरळ जायचं असताना डावीकडे वळणारी गाडी आडवी आली तर? आणि तीन-चार लेनच्या रस्त्यावर उजवीकडे कसं वळायचं? वाहतूक डावीकडून चालते असं धरा.

मोकळी_वाट: कडेपासून निदान पाऊण मीटर. कडेला खडी, काचा, गटाराच्या जाळ्या असतात. त्या चुकवायला तुम्ही एकदम आत येता आणि नेमकी तेव्हाच मागची गाडी शेजारी असते.

आता हिशेब करा. कड ते चाक ०.७५ मीटर, अर्धं हँडल ०.३, गाडीने सोडायचं अंतर १.५, आरशांसकट गाडी २ मीटर. झाले साडेचार. लेन साडेतीन मीटरची असेल तर गाडीला शेजारच्या लेनमध्ये जावंच लागणार. मग कडेला राहून उपयोग काय? उलट ‘बसेल’ असं वाटून चालक जागा नसताना घुसतो. अशा लेनमध्ये सरळ मध्यातून चालवा. रस्ता रुंद झाला की परत कडेला या, मागे रांग साचली तर जागा बघून पुढे जाऊ द्या. हॉर्न वाजला याचा अर्थ तुम्ही दिसलात. न दिसण्यापेक्षा बरं.

उभ्या गाड्यांपासून हँडलचं टोक मीटरभर लांब हवं, कारण दार साधारण तेवढं उघडतं. ताशी २० किमी म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. दार उघडताना दिसून ब्रेक लागेपर्यंत तुम्ही त्यावर आदळलेले असता. हँडलचं डावं टोक दारात अडकलं की चाक डावीकडे फिरतं आणि माणूस उजवीकडे, वाहत्या रहदारीत फेकला जातो. दोन उभ्या गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत शिरून पुन्हा बाहेर येणं टाळा, सरळ रेषेत राहा.

चौकोनी_चाक: चौकाचं सांगतो. २०-३० मीटर आधीच मागे बघून लेनच्या मध्यात या. डावीकडे वळणारा मग तुमच्या मागे राहतो, शेजारून येऊन आडवा येत नाही.

सिग्नलला थांबलेल्या ट्रक-बसच्या डाव्या बाजूने पुढे जाऊ नका. तिथे सायकलची पट्टी आखलेली असली तरी नाही! लांब गाडी वळताना मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. शिवाय वळायच्या आधी चालक गाडी थोडी उजवीकडे घेतो, त्यामुळे डावीकडे जागा झाल्यासारखी वाटते आणि पुढच्याच क्षणी ती मिटते. आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. दिसला तरी तो बघतोय याची खात्री नाही, म्हणून मागेच थांबलेलं बरं.

दोन_टप्पे: उजवीकडे वळायला लेन एकेक करून ओलांडायच्या. मागे बघा, हात दाखवा, पुन्हा बघा, मग सरका. मान वळवली की हँडलही त्याच बाजूला ओढलं जातं. कोपर सैल ठेवा आणि आधी मोकळ्या मैदानात एका रेषेवर सराव करा. वळण घ्यायच्या आधी दोन्ही हात हँडलवर आलेले असावेत.

वाहनं वेगात असतील तर हे सोडा. सरळ पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत जा, थांबा, सायकल वळवा आणि त्या बाजूच्या हिरव्या सिग्नलबरोबर निघा. अर्धा-एक मिनिट जातं, एवढंच. कोपऱ्यात थांबायला जागा नसेल तर उतरून पादचारी पट्ट्यावरून ढकलत न्या.

रात्रपाळी: मोकळी_वाट यांच्या उत्तराला एक मर्यादा जोडतो. गाड्या ताशी ८० ने येतात तिथे लेनच्या मध्यातून नको. तुम्ही २० ने जात असाल तर फरक ६०, म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. वळणापलीकडून १०० मीटरवर तुम्ही दिसलात तर चालकाकडे सहा सेकंद, आणि समोरून वाहन येत असेल तर तेही नाहीत. तिथे पक्की बाजूपट्टी किंवा दुसरा रस्ता शोधा. मोठा ट्रक ओलांडून जाताना वाऱ्याचा धक्का आधी बाहेर ढकलतो, मग आत ओढतो. हँडल घट्ट आवळू नका, फक्त पक्कं धरा.

रात्री मागचा लाल दिवा स्थिर ठेवा. नुसत्या लुकलुकत्या दिव्यावरून अंतराचा अंदाज येत नाही. पुढचा पांढरा दिवा किंचित खाली झुकवा.

नवे_पॅडल: आरसा लावला तर मागे बघायची गरज उरत नाही का?

दोन_टप्पे: उरते. हँडलच्या उजव्या टोकाला लावा, पण तो मागून काय येतंय एवढंच सांगतो. अगदी बाजूला आलेली गाडी त्यात दिसत नाही, आणि तुमची वळलेली मान मागच्या चालकाला जे कळवते ते आरसा कळवत नाही.