मधली संस्था लागतेच

“रुग्णालय सरकारी, डॉक्टर सरकारी, मग मध्ये ही ना-नफा संस्था कशाला? पैसे मुरायलाच ना?” अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत संशोधनाचा पैसा सांभाळणाऱ्या संस्थांवर वर घेतलेला हा आक्षेप मला पटत नाही. या संस्था 1988 च्या कायद्याने आल्या, त्या संशोधनासाठी बाहेरून येणारा निधी लवचीकपणे वापरता यावा म्हणून. हा निधी औषध कंपन्यांचा, प्रतिष्ठानांचा किंवा एनआयएच (वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी अमेरिकी सरकारी संस्था) सारख्या दुसऱ्या सरकारी खात्यांचा. संशोधनाबरोबर शिक्षणही त्यांच्या कक्षेत आलं 1999 मध्ये. संचालक मंडळावर रुग्णालयाचे संचालक असतात, पण केंद्र सरकारच्या नोकरीत नसलेले किमान दोन सदस्यही कायद्याने लागतात. शिवाय रुग्णालयाकडून प्रकल्प रीतसर मंजूर झाल्याशिवाय त्यावर पैसा खर्च करता येत नाही.

चर्चेत राहून गेलेली गोष्ट म्हणजे माणसं. संशोधनाच्या चाचणीत येणाऱ्या माजी सैनिकाला संमतीपत्र ओळीओळीने समजावणारी, रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावणारी, तो पुढच्या तारखेला आला नाही तर घरी फोन करणारी समन्वयक बऱ्याचदा या संस्थेच्या पगारावर असते. रुग्णालयाच्या दप्तरी तिची नेमणूक बिनपगारी! निधी दोन-तीन वर्षांचा, म्हणून नोकरीही तेवढीच. एक अभ्यास संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या रिकाम्या महिन्यांत अशी कसलेली माणसं निघून जातात, आणि रुग्णांशी जुळलेली ओळखही त्यांच्याबरोबर जाते. हिशेब तपासाच, जरूर तपासा. पण त्या मधल्या महिन्यांचा पगार कुठून द्यायचा, यावरही इथे कुणीतरी बोला.