“आधी सांभाळायला शिका, मग मागा” म्हणणाऱ्यांना उत्तर

गेटवे_दक्षिण: काल इथे कुणीतरी लिहिलं, “चोरून नेलेल्या आपल्या देवमूर्ती परदेशात एसीत सुखरूप आहेत. इथे आणून गोदामात कुजवणार, मग मागता कशाला?” वाचून डोकं फिरलं. तमिळनाडूतल्या श्रीपुरंथानचा नटराज देवळातून चोरलेला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये तो सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलरना घेतला. भारतातून फार आधी बाहेर पडल्याची कागदपत्रं दाखवली होती, ती बनावट निघाली. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेकडच्या जुन्या फोटोंशी मूर्ती जुळली, म्हणून २०१४ मध्ये परत मिळाली. चोरीचा माल नीट ठेवला म्हणून तो ठेवणाऱ्याचा होत नाही!

हिरवी_भुकटी: ते मीच लिहिलं होतं, आणि ‘कुजणं’ शब्दशः म्हटलं. मातीत राहिलेल्या ब्राँझमध्ये क्लोराइड (मिठातला क्षार) मुरलेलं असतं. दमट हवा लागली की फिकट हिरवी भुकटी सुटते आणि धातू आतून पोखरला जातो. आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत हवी. मुंबईच्या पावसाळ्यात ती ८० च्या वर. हवाबंद पेटी, ओल शोषणारं सिलिका जेल, ते वेळेवर बदलणारा माणूस, यांची तरतूद दाखवा.

कपालेश्वर: पेटी कशाला? देव आहे तो. तमिळनाडूतल्या पत्तूरच्या नटराजासाठी लंडनच्या कोर्टात देवळाचा दावा टिकला. मूर्ती देवळात जावी, पूजा व्हावी.

हिरवी_भुकटी: पूजा म्हणजे पंचामृत आणि वर चिंचेने घासणं ना? आम्लाने जुना थर जातो, पीठावरची अक्षरं झिजतात.

कपालेश्वर: शतकानुशतकं अभिषेक होऊनही चोल मूर्ती उभ्या आहेत. त्या पळवल्या चोरांनी, झिजवल्या नाहीत पुजाऱ्यांनी. देवाला कुलूपबंद ठेवायचं तर परत आणलं कशाला?

हिरवी_भुकटी: पुजेतली मूर्ती रोज पुसली जाते, कोरडी होते, हे मान्य. पण पुरलेली सापडलेली मूर्ती वेगळी. तिच्यावर पाणी घालण्याआधी भुकटी खरवडा, बेन्झोट्रायाझोल या गंज रोखणाऱ्या रसायनाची प्रक्रिया करा, वर लेप द्या. मग अभिषेक उत्सवमूर्तीला करा.

साताऱ्याचा: वाघनखांचं बोला. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून आली ती ३ वर्षांच्या बोलीवर. आपलीच वस्तू, आणि उसनी?

गेटवे_दक्षिण: ती साताऱ्याला असलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या, ग्रँट डफच्या, वारसाने संग्रहालयाला दिली. महाराजांनी वापरली ती हीच, याची खात्री संग्रहालयही देत नाही. शिवाय संग्रहातली वस्तू देऊन टाकण्याबाबत १९८३ च्या ब्रिटिश कायद्याने विश्वस्तांचे हात बांधलेत. नटराजासारखा पुरावा इथे नाही. रागाने दावा जिंकता येत नाही.

साताऱ्याचा: मग आपल्या मुंबईच्या शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातले, इराकमधल्या प्राचीन निमरूद शहरातले शिल्पपट इराकला द्या की!

गेटवे_दक्षिण: इराकने मागितले तर कागद काढून बघावंच लागेल. लंडनला लावतो तोच नियम मुंबईच्या फोर्टातल्या या संग्रहालयालाही लावायला हवा.

हिरवी_भुकटी: नियम लावा, पण आधी गावोगावच्या देवळांत फोटो काढा. चारही बाजू, पीठ आणि पाठ, शेजारी मोजपट्टी, तिरप्या उजेडात. उंची, वजन, लेख, आणि प्रत्येक खोक, जुना जोड, तुटलेलं बोट टिपा. बनावट कागद करणाऱ्याला हेच नकली करता येत नाही. प्रत देवळात एक, पोलिसांकडे एक. एवढं केलंत तर परत मागण्याला माझा विरोध नाही. साठवणुकीवरचा आक्षेप मात्र सोडत नाही.